मसूर म्हणजे शत्रू, करंजी म्हणजे तिजोरी

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ गावाबाहेरच्या एका वावरात जमिनीवर मोठा गोल आखतात. गोलाच्या कडेने धान्य मांडत जातात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, बाजरी, तांदूळ, करडी, मसूर, वाटाणा, लाख, भादली, अंबाडी, सरकी, वगैरे एकूण अठरा जिन्नस. मधोमध खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळे, ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, भजी, वडा, कुरडई आणि करंजी. सोबत विड्याचे पान आणि त्यावर सुपारी. मांडणी झाली की सगळे मागे फिरतात. राखण नसते. रात्री तिकडे कोणी जायचे नाही, एवढाच दंडक.

पहाटे मात्र वावराभोवती माणूस मावत नाही. बुलढाण्यातलेच नव्हे, तर अकोला, जळगाव, थेट मराठवाड्यापर्यंतचे कास्तकार आलेले असतात. त्यांच्यात व्यापारी असतात आणि आता कॅमेरे घेतलेले वार्ताहरही. वाघ घराण्यातले जाणते पुढे होतात. गेल्या काही वर्षांत पुंजाजी महाराज वाघ आणि सारंगधर महाराज वाघ ही नावे वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर पोचली आहेत. ते गोलाभोवती फिरून एकेक जिन्नस निरखतात. दाणे जागेवर आहेत की सरकले, आत गेले की बाहेर, ढेकूळ किती भिजले, पुरी आहे की नाही, सुपारी हलली का. मग मोठ्याने सांगतात. तूर बरी, मूग मोघम, जून कोरडा, भाव तेजीत.

ही भेंडवळची घटमांडणी. पिकाचा अंदाज सांगणारे शकुन देशभर आहेत, राजस्थानातही आखातीजेला ते पाहतात. भेंडवळच्या मांडणीचे वेगळेपण तिच्या कोशात आहे. इथे प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कशाची तरी खूण असते. चार ढेकळे हे पावसाळ्याचे चार महिने. पुरी म्हणजे पृथ्वी; ती रात्रीत नाहीशी झाली तर भूकंप किंवा नैसर्गिक आपत्ती. करंजी म्हणजे देशाची तिजोरी. कुरडई म्हणजे गुरांचा चारा. भादली म्हणजे रोगराई. मसूर म्हणजे शत्रू, परचक्र. करडी म्हणजे संरक्षण. पान ही राजाची गादी आणि सुपारी म्हणजे प्रत्यक्ष राजा. हा सगळा हिशेब एकदा डोक्यात बसला की चित्र चमत्कारिक दिसू लागते. अख्खा देश, त्याची फौज, खजिना आणि साथीचे रोग पाच-दहा पावलांच्या वर्तुळात उघड्यावर ठेवून गाव झोपायला गेलेले असते.

संगणकावर हल्ली छोटे भयखेळ निघाले आहेत. त्यात खेळाडूला एकट्याला बसवून एक चाचणी देतात. प्रश्न आधी साधे, मग हळूहळू विचित्र होत जातात आणि पेपर तपासणारा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. भेंडवळच्या वावरात परीक्षा तशीच आहे. इथे फक्त खेळाडूच्या जागी जिल्ह्यातले कास्तकार आहेत, आणि निकाल लागतो तो पेरणीवर.

ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असे सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली आणि तेव्हापासून ती याच घराण्यात आहे. आकड्याकडे जरा सावधपणे पाहावे लागते. गेली कित्येक वर्षे बातम्यांमध्ये तो साडेतीनशेवरच थांबलेला आहे. पण तो खरा धरला तर आरंभ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जातो. म्हणजे १६३० ते १६३२ चा दख्खनचा भयंकर दुष्काळ पाहिलेली माणसे अजून हयात असतील, असा तो काळ. पुढच्या पावसाचे काय, हा प्रश्न त्या पिढीला कोणी शिकवावा लागत नव्हता.

चंद्रभान महाराजांना निळावंती अवगत होती, अशीही आख्यायिका आहे. आणि निळावंतीचे नाव निघाले की वऱ्हाडात गोष्ट सरळ अंधाराकडे वळते. हा म्हणे एक ग्रंथ. जो तो पुरा वाचील त्याला पशुपक्ष्यांची, मुंग्यांची भाषा कळू लागते. गुप्तधन कुठे पुरले आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकू येते. अट एकच, पण जीवघेणी. लोभाने वाचणारा मरतो, अर्ध्यात सोडणारा वेडा होतो. खेड्यापाड्यांत मुलांनी कंदिलाच्या उजेडात ऐकलेली ही कथा मारुती चितमपल्लींनी ‘निळावंती’ या नावाने पुस्तक लिहून नागर वाचकांपर्यंत नेली. हल्ली ती समाजमाध्यमांवर ‘बंदी घातलेला ग्रंथ’ म्हणून फिरते, आणि बंदी कोणी, कधी घातली हे कोणीच सांगत नाही. ग्रंथ वाचणाऱ्याचीच परीक्षा घेतो, ही कल्पना मात्र जबरदस्त आहे. घटमांडणीच्या मुळाशी गावाने ही कथा जोडली, यातच घटमांडणीबद्दलचा जुना धाक दिसतो. दाण्यांची भाषा वाचणे हे येरागबाळ्याचे काम नाही, त्याला वाचणारा तसाच पाहिजे, असे त्यातून सांगितले जाते.

हे सारे याच मुलखात का टिकले, याचे उत्तर जमिनीत आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला घाट, यांच्या मधल्या पूर्णेच्या खोऱ्यात काळी, खोल, कापसाला सोन्यासारखी जमीन आहे, पण तिच्या पोटातले पाणी खारे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणारा हा खारपाणपट्टा. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हे तालुके त्यात येतात. इथे विहीर खणली तरी तिचे पाणी पिकाला चालत नाही, बऱ्याच ठिकाणी माणसालाही नाही. इतर मुलखात पाऊस चुकला तर मोट तरी होती. इथे पाऊस चुकला की हंगाम गेला. त्यातून १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला जगात मागणी आली, खामगावची बाजारपेठ फुगली आणि १८७० मध्ये जलंबवरून खामगावला रेल्वेचा फाटाही आला. ज्वारीच्या जागी कापूस आला तशी पावसाच्या अंदाजाची किंमत रुपयांत मोजली जाऊ लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले तेव्हा ती कोणत्या भावाने मोजावी लागते हेही दिसले. घटमांडणीच्या गर्दीत व्यापारी का असतात, याचे नवल वाटू नये.

राजाच्या सुपारीचेही तेच. आज तिचा अर्थ ‘पंतप्रधान राहणार की जाणार’ एवढाच घेतात आणि शहरी वाचक हसतो. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याने हा प्रश्न शतकानुशतके खऱ्या अर्थाने विचारला आहे. १५९६ मध्ये अहमदनगरकडून वऱ्हाड मोगलांकडे गेले. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मोगल सुभेदार मुबारिझखानाला मारले आणि दख्खनचा मालक बदलला; विजयाची खूण म्हणून गावाचे नावही फत्तेखेडा ठेवले गेले. मग निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली आली. एकाच गावाच्या वसुलावर दोन धनी. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला, तरी नावाने मुलूख निजामाचाच. कायमचा भाडेपट्टा होऊन १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. जळगाव तालुका तर १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, तेव्हाच्या फेररचनेत तो बुलढाण्यात आला. पट्टी कोणाला भरायची आणि कोणाचे घोडदळ उभ्या पिकातून जाणार, हे ज्यावर ठरते त्या गादीची चौकशी पावसाइतकीच निकडीची होती. पान, सुपारी, मसूर आणि करडी एका वर्तुळात आली ती अशा इतिहासातून, असे मानायला जागा आहे.

मांडणीचा साचा मात्र साडेतीनशे वर्षांहून फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आषाढी पौर्णिमेचा एक विधी येतो. सगळी बियाणी सारख्या वजनाने तोलून, मंत्रवून रात्रभर ठेवायची; सकाळी पुन्हा तोलायची. ज्याचे वजन वाढले ते पीक त्या वर्षी भरघोस, ज्याचे घटले ते बुडाले. नुसते धान्यच तोलत नसत. हत्तींसाठी हस्तिदंत, राजासाठी, गुरांसाठी आणखी काही, अशा खुणेच्या वस्तूही पारड्यात पडत. तराजूची प्रार्थना सत्याची देवी म्हणून केली जाई. आदल्या सांजेची मांडणी, मधली रात्र आणि सकाळचा निवाडा हे तिन्ही भाग तिथे आहेत. दाण्यांनी राजा-प्रजेचे सोंग घेणेही तिथलेच. पावसाळ्याच्या तोंडाशी तोललेल्या बियाण्यांना हवेतली दमट रात्र वजन देत असणार हे उघड आहे, आणि दमट हवा पावसाबद्दल काहीतरी सांगतेही. तेव्हा तो विधी अगदीच बिनबुडाचा नव्हता.

हाच तराजू धर्मशास्त्रात आणखी एका कामाला लावलेला दिसतो, आणि ते काम अंगावर काटा आणणारे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत खरे-खोटे ठरवण्याची पाच दिव्ये सांगितली आहेत: तुला, अग्नी, उदक, विष आणि कोश. तुलादिव्यात माणसाला तोलायचे, तराजूची प्रार्थना करायची आणि पुन्हा तोलायचे. हलका भरला तर निर्दोष. ही त्यातल्या त्यात दयेची परीक्षा, म्हणून ती स्त्रिया, मुले, वृद्ध, आंधळे-पांगळे, आजारी आणि ब्राह्मण यांच्यासाठी राखलेली. अग्निदिव्यात तळहातावर पिंपळाची सात पाने ठेवून वर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्यायचा आणि सात मंडले ओलांडायची. उदकदिव्यात सोडलेला बाण धावत जाऊन परत आणेपर्यंत पाण्याखाली राहायचे. कोशदिव्य वरून सर्वांत सौम्य. देवाच्या स्नानाचे पाणी प्यायचे आणि घरी जायचे. मात्र चौदा दिवसांत घरात काही संकट आले तर माणूस खोटा. त्या चौदा दिवसांत दारावरच्या प्रत्येक थापेने काय होत असेल, याची कल्पना ज्याने ती पद्धत रचली त्याला नक्की असावी. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या सगळ्याची बारीक चर्चा केली आहे.

मराठ्यांच्या काळात वतनाच्या तंट्यांत कागद आणि साक्षीदार दोन्ही अपुरे पडले की गोतसभा दिव्यावर येई. रव्याचे दिव्य विशेष प्रसिद्ध. ज्याने दिव्य करायचे त्याचे हात धुवून, नखे काढून, हातावरच्या आधीच्या खुणा लिहून घेत. हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत. मग देवळापुढे कढत्या तेला-तुपात टाकलेला धातूचा रवा हाताने काढायचा. त्याचे म्हणणे लिहिलेले भाळपत्र कपाळाला बांधलेले असे. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर. ठरल्या दिवशी पंचांसमोर ती उघडून हात पाहत आणि पाटीलकी कोणाची ते महजरात, म्हणजे निवाडापत्रात, लिहीत. प्रतिवादी मुसलमान असला तर मशिदीत क्रिया होई. यातले क्रौर्य सांगायला नको. पण बारकाईने पाहिले तर ही माणसे देवावर जेवढा विश्वास टाकत तेवढाच एकमेकांवर अविश्वास दाखवत. म्हणून जुन्या डागांची नोंद, म्हणून मोहर, म्हणून दोन्ही पक्षांचे साक्षीदार. देव निकाल देणार हे कबूल, पण मधल्या रात्री कोणी हाताला औषध लावू नये याचा बंदोबस्त माणसांकडे.

दिव्य सरकारदरबारातून गेले म्हणून संपले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या परंड्याची एक चित्रफीत बाहेर आली. पतीने पत्नीला पावित्र्य सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून पाच रुपयांचे नाणे काढायला लावले होते. पाटीलकीच्या तंट्यात निदान दावा करणारा स्वतः हात घालत असे.

भेंडवळला कोणाचा हात भाजत नाही, आणि दिव्याशी घटमांडणीची तुलना तिथेच थांबते. पण एक फरक मुद्दाम पाहण्यासारखा आहे. वराहमिहिराकडे तराजू आहे. वजन वाढले की घटले, हे कोणीही पाहू शकतो. रव्याच्या दिव्यात मोहर आहे, साक्षीदार आहेत. भेंडवळच्या वर्तुळाला यातले काहीच नाही. वैशाखातली रात्र, उघडे वावर, घागरीवर तळलेले पदार्थ. मुंग्या येतात, उंदीर येतात, वारा सुटतो, पहाटे पाखरे उतरतात. पुरी नाहीशी व्हायला भूकंप लागत नाही. घागर किती पाझरते यावर ढेकळे भिजतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे वारंवार मांडले आहे आणि त्यात खोडून काढण्यासारखे काही नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मात्र इथे लागत नाही. त्याच्या अनुसूचीतल्या बारा कृत्यांत धान्य मांडून पावसाचा अंदाज सांगणे नाही, आणि नसावेच. तो कायदा माणसाला इजा आणि लुबाडणूक करणाऱ्यांसाठी आहे.

खरी मेख वाचण्यात आहे. ‘मोघम’, ‘साधारण’, ‘कुठे जास्त, कुठे कमी’ या शब्दांना कोणतेही वर्ष चालते. रोगराई आणि सीमेवरची कुरबूर यांचे भाकीत सहसा वाया जात नाही. लोकांना हे कळत नाही असे समजणे म्हणजे त्यांना भोळे ठरवणे होईल. भाकीत ऐकून परतणारा कास्तकार रस्त्यात कृषी केंद्रात बियाण्याचा भाव विचारतो, मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाज बघतो आणि शेवटी थोडी तूर, थोडे सोयाबीन, थोडा कापूस असा जोखीम वाटून देणारा जुनाच पेरा करतो.

हवामान खात्याची गोष्टही तशी सरळ नाही. खाते स्थापन झाले १८७५ मध्ये, आणि मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज हेन्री ब्लॅनफर्ड यांनी ४ जून १८८६ रोजी दिला, हिमालयातल्या बर्फावरून. बर्फ जास्त तर पाऊस कमी, अशी ती खूण. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या महासागरांवरच्या हवेच्या दाबाशी भारताच्या पावसाचे नाते गणिताने जोडले. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकरांनी सोळा घटकांचे प्रारूप आणले. तापमान, दाब, वारे, बर्फ, एल निनो, अशा जगभरच्या सोळा खुणा. भेंडवळच्या अठरांपेक्षा दोन कमी, असे कोणी गमतीने म्हणेल. चौदा वर्षे देशावर मोठा दुष्काळ पडला नाही आणि प्रारूपाचे कौतुक झाले. मग २००२ उजाडले. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के. एकट्या जुलैत निम्म्याहून अधिक तूट. इथून पुढे खात्याने जे केले ते घटमांडणीत कधी होत नाही. चूक मान्य झाली, सोळा घटकांचे प्रारूप बाजूला ठेवले गेले आणि २००३ पासून नवी प्रारूपे आली. भेंडवळच्या अठरा जिन्नसांपैकी एकही अजून बदललेला नाही. वावरात सोयाबीन आले, गोलात आले नाही.

सुपारीवर मात्र बाहेरून बंधन आले. मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ अ कलमाने मनाई आहे. २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने प्रसारमाध्यमांना कळवले की ज्योतिषी, टॅरोवाले वगैरेंची निकालाची भाकितेही याच मनाईत धरली जातील. २०२४ ची आखाजी १० मे रोजी आली, लोकसभेच्या ऐन धामधुमीत. ११ मेच्या सकाळी वाघ महाराजांनी पाऊस सांगितला, पिके सांगितली, पण आचारसंहितेमुळे राजकीय भाकीत केले नाही. सुपारी काय म्हणाली हे त्या दिवशी कोणाला कळले नाही, आणि देशाचा निकाल ४ जूनला मतदान यंत्रांतून निघाला.